पुराने नेले की आखणीने? : हैदराबादच्या हरवलेल्या गल्ल्या

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत पूर्वजांच्या वाड्याची चौकशी केली की बहुधा एकच उत्तर मिळते : तो मुसीच्या पुरात गेला. २८ सप्टेंबर १९०८ चा तो प्रलय होताच तसा. सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. अफझलगंज, घांसी बाजार, कोलसावाडी या वस्त्यांची धूळधाण उडाली. त्यामुळे या शहरात जे जे नाहीसे झाले ते सारे त्या एका तारखेच्या खाती मांडण्याची आपल्याला सवय लागली. हा हिशेब तपासून पाहण्यास एक भरवशाचे साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे लिओनार्ड मन यांचे नकाशे.

मन हे निजाम सरकारच्या सेवेतील खाण अभियंता. शहराची पुनर्रचना करायची तर आधी त्याची मोजणी हवी, म्हणून १९१२ ते १९१५ या काळात त्यांच्या देखरेखीखाली हैदराबादचे नकाशे तयार झाले. त्यांची संख्या ८४८ आणि प्रमाण एका इंचास पन्नास फूट. ज्यांनी आयुष्यात कधी मोजणीचा कागद हाताळला असेल त्यांना या प्रमाणाचा अर्थ लगेच कळेल. पन्नास फुटी दर्शनी भागाचा वाडा कागदावर पूर्ण एक इंच जागा व्यापतो. त्याचा चौक, मागची विहीर, शेजारून वळत गेलेला बोळ, सारे वेगवेगळे दिसते.

मुख्य मुद्दा तारखांचा आहे. हे नकाशे पुरानंतरचे आहेत. म्हणजे जी गल्ली मन यांच्या कागदावर आहे ती पुरातून वाचली होती. आज ती दिसत नसेल तर तिचा नाश माणसाने केला. इतकी साधी गोष्ट, पण ती ध्यानी घेतली की मुसीवरचे पुष्कळसे आरोप गळून पडतात.

१९१२ मध्येच शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे, नवी घरे व बाजार बांधणे हे त्याचे काम. कमानदार दगडी दुकानांची पथ्थरगट्टी आज आपण कौतुकाने दाखवतो. ती उभारण्यासाठी आधीची दाटीवाटीची घरे उठवावी लागली. मंडळास दोष देण्याचा माझा हेतू नाही. प्लेगच्या साथी पाहिलेल्या शहरास हवा व उजेड हवाच होता. पण सुधारणेस सुधारणा आणि पाडापाडीस पाडापाडी म्हणावे, पुराच्या नावावर ती खपवू नये.

नकाशा वाचताना प्रथम न हलणारी खूण धरावी : चारमिनार, एखादी मशीद, देऊळ किंवा दर्गा. तेथून अंतरे मोजत निघावे. नावे इंग्रजीत आहेत, ती डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारावीत. शाह अली बंडाचे लोकांच्या तोंडी शालीबंडा कसे झाले हे मग उमगते. बावली शब्द असलेली ठिकाणे विशेष पाहावीत. बारव बुजते, नाव राहते. आणि गल्ली गेली तरी तिचे वळण सहसा जात नाही. एखाद्या दुकानाची तिरपी भिंत किंवा कुंपणाचा विनाकारण वाटणारा कोन म्हणजे बहुधा जुन्या बोळाचीच कड असते. अलीकडे हे कागद संगणकावर आजच्या नकाशांशी जुळवूनही पाहता येतात.

शालीबंड्याचा उल्लेख सहज केलेला नाही. दफ्तर-ए-दिवाणीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या रायरायाँ या मराठी घराण्याची देवडी याच भागातली. आता मेट्रोच्या जुन्या शहरातील मार्गाची पायाभरणी ८ मार्च २०२४ रोजी झाली आहे. महात्मा गांधी बसस्थानकापासून दारुलशिफा, हरी बावली, शालीबंडा असा हा मार्ग फलकनुम्याकडे जातो आणि त्यासाठी रस्त्यालगतच्या मालमत्तांचे संपादन ओघानेच आले. ज्या गल्ल्यांना पूर आणि सुधारणा मंडळ या दोहोंनी हात लावला नाही, त्यांच्यापैकी काहींची तोंडे या कामात बदलतील.

ज्यांच्या पूर्वजांची घरे या पट्ट्यात होती त्यांनी घरातील जुने दस्त बाहेर काढावेत. निजामी अमलातील दस्त बहुधा उर्दूत असतात, म्हणून नातवंडे ते पेटीत तसेच ठेवून देतात. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाची भिंत, दक्षिणेस आम रस्ता. त्या चार ओळी कोणा जाणत्या वडीलधाऱ्याकडून वाचून घेऊन मन यांच्या संबंधित कागदाशेजारी ठेवल्या, तर वाडा कोठे होता, त्याचे दार कोणत्या गल्लीत उघडत होते आणि १९१५ पर्यंत तो उभा होता की नाही, हे बऱ्याचदा एका बैठकीत सांगता येते.