टाकातली चांदी आली कुठून?

माहूरची रेणुका ज्यांची कुलदेवता, त्यांच्या देवघरात बहुधा तिचा चांदीचा टाक असतो. आमच्याही आहे. ही चांदी माहूरची नाही एवढं नक्की. गडाखालचा काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात चांदीच्या खाणी नाहीत.

मग कुठली? मुघल काळात हिंदुस्थानात आलेली बरीचशी चांदी मूळची अमेरिकेतली. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचा डोंगर स्पॅनिशांना 1545 मध्ये सापडला. तिथली चांदी युरोपमार्गे सुरतेला उतरायची, टांकसाळीत वितळून रुपया व्हायची. माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन 1661 मध्ये मुघलांकडून उंबरखिंडीत होती. त्या फौजांचा खर्च याच रुपयावर चालायचा.

आता थोडं रसायन. खाणीत चांदी बहुतेकदा चांदीसारखी दिसतच नाही. पायरार्जिराइट हे खनिज गडद लाल असतं. चांदीचे 3 अणू, अँटिमनीचा 1 आणि गंधकाचे 3, म्हणजे वजनाने जवळजवळ 60 टक्के चांदी! अशा खनिजांना सल्फोसॉल्ट म्हणतात. जमिनीखालचं तापलेलं खारं पाणी धातू विरघळवून भेगांतून वर चढतं. निवताना आधी जस्त-शिशाची खनिजं बसतात आणि हे बहुधा शेवटी. इतकं मऊ की तांब्याच्या नाण्याने ओरखडा पडतो, आणि उजेडात ठेवलं की काळवंडतं. आपल्याकडे राजस्थानातल्या रामपुरा-आगुचाच्या खाणीतही ते सापडलंय.

गोम अशी की गंधक चांदीला सहजी सोडत नाही. असं खनिज आधी भाजायचं, मग मीठ नि पारा घालून चांदी वेगळी करायची. पोतोसीत हे काम बरंचसं वेठबिगारांनी केलं. व्हाइसरॉय तोलेदोने 1573 मध्ये घालून दिलेली ती 'मिता' पद्धत दोनशेहून जास्त वर्षं चालली. धूळ आणि पाऱ्याची वाफ यांनी किती माणसं गेली, त्याचा नीट हिशोब नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. चांदीचं तसं नाही. एकदा वितळली की मागचं बरंचसं पुसलं जातं. रुपयाचे वाळे होतात, वाळ्यांचा टाक. त्यामुळे आमच्या टाकात पोतोसीचा अंश आहे की नाही, हे सहजी सांगता येणार नाही. पण नवरात्रात टाक चिंचेने घासताना जो काळा थर निघतो, तो चांदी आणि गंधकाचाच असतो. हवेतला गंधक अजून चांदीला धरतोच आहे.

असो. यंदा टाक उजळताना त्या खाणीतल्या माणसांचीही आठवण काढावी, असं मला वाटतं.