पाठशुद्धीचा प्रश्न आणि चित्रपट : ‘जाने भी दो यारो’चा डिजिटल पुनरुद्धार

संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून परंपरा परभणी जिल्ह्यातील गंगाखेडचा निर्देश करते. परंतु जनाबाईचे हस्ताक्षर आज उपलब्ध नाही. तिचे अभंग कंठातून वहीत आणि वहीतून छापील गाथ्यांत आले. या प्रवासात शब्द पालटले, चरण मागेपुढे झाले, परक्या रचनाही तिच्या नावावर जमा झाल्या. उपलब्ध पाठांच्या आधारे मूळ पाठाकडे कसे जावे, हा प्रश्न म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. तोच प्रश्न आता चित्रपट या अर्वाचीन कलेपुढेही उभा राहिला आहे. त्याचा विचार करण्यास कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारो’ हा 1983 चा हिंदी चित्रपट विशेष सोयीचा आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने सुमारे सात लाख रुपयांच्या अल्प खर्चात हा चित्रपट निर्माण केला. त्याची भूमी मुंबईची आहे. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब छायाचित्रकार नकळत एका खुनाचा पुरावा टिपतात, आणि बांधकाम व्यावसायिक, नगर प्रशासन व वृत्तपत्र यांच्या संगनमताचा उलगडा होऊ लागतो. नसीरुद्दीन शाह व रवी बासवानी यांनी या दोघांच्या भूमिका केल्या. खून झालेल्या आयुक्ताच्या भूमिकेत सतीश शाह आहेत, तर मराठी रंगभूमीवर ‘ती फुलराणी’ गाजविणाऱ्या भक्ती बर्वे यांनी संपादिका रंगविली. बिनोद प्रधान यांचे छायालेखन आणि रेणू सलुजा यांचे संकलन चित्रपटास लाभले. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. प्रेताची फरफट होत असताना प्रेक्षकास हसविणारा आणि शेवटी निरपराध्यांनाच कैद्यांच्या वेषात मुंबईच्या रस्त्यावर उभा करणारा हा कृष्णविनोद होय. प्रथम प्रदर्शनात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. त्याची कीर्ती वाढली ती पुढे दूरदर्शनमुळे व चित्रफितींमुळे.

येथेच पाठभेदाचा प्रश्न उद्भवतो. चित्रपट सेकंदास 24 चौकटी या गतीने चालतो; भारतातील दूरदर्शनची पद्धती मात्र 25 चौकटींची होती. त्यामुळे चित्रपट छोट्या पडद्यावर किंचित वेगाने धावे आणि आवाज किंचित चढे. चित्रफितीवर रंग विटत आणि अंधारातील तपशील बुजून जाई. महानगरांपासून दूर राहणाऱ्या असंख्य प्रेक्षकांच्या स्मरणात जो चित्रपट आहे, तो वस्तुतः हा दुय्यम पाठ आहे. तो त्याज्य ठरत नाही. अभंग जसे वारकऱ्यांच्या तोंडी राहिले, तसा हा चित्रपट त्याच पाठाने जिवंत राहिला. तथापि त्याला मूळ पाठ म्हणता येणार नाही.

चित्रपटाचा ऱ्हास हस्तलिखिताच्या ऱ्हासाहून वेगळ्या प्रकारचा असतो. ॲसिटेटच्या पट्टीचे रासायनिक विघटन सुरू झाले की तिला शिरक्याचा वास येऊ लागतो, ती आक्रसते व वाकते. रंगीत चित्रणातील तीन रंगद्रव्ये सारख्या गतीने विटत नाहीत. म्हणून जुन्या प्रती अनेकदा तांबूस दिसतात. त्याहून जुनी नायट्रेटची पट्टी ज्वालाग्राही असते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा पट्टीवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. डिजिटल पुनरुद्धारात प्रथम उपलब्ध निगेटिव्ह वा प्रत स्वच्छ करून तिची प्रत्येक चौकट सूक्ष्मदर्शी यंत्राने टिपली जाते. दोन तासांच्या चित्रपटात अशा 1,72,800 चौकटी असतात. त्यानंतर ओरखडे व धूळ काढणे, चित्राची थरथर थांबविणे, रंगांचा समतोल साधणे आणि ध्वनिपट्टीतील खरखर कमी करणे ही कामे केली जातात. ‘जाने भी दो यारो’ची अशी पुनरुद्धारित आवृत्ती नोव्हेंबर 2012 मध्ये पुन्हा चित्रगृहांत प्रदर्शित झाली.

या कामाचे स्वरूप जाणण्यास पुण्यातीलच एक उदाहरण उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; त्यासाठी 1,259 हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्या कार्याला जी शिस्त लावून दिली, तिचे सार असे की, संपादकाने व्यासांचा आदिपाठ सापडल्याचा दावा करू नये. उपलब्ध हस्तलिखितांवरून जेथवर मागे जाता येते तेथवर जावे, आणि वगळलेले पाठभेद वाचकासमोर तळटीपांत ठेवावेत. चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय याच परिसरात, त्याच विधी महाविद्यालय रस्त्यावर, 1964 पासून उभे आहे. दोन्ही संस्थांचा प्रश्न मूलतः एकच आहे. शिवाय ‘जाने भी दो यारो’तील सर्वांत गाजलेला प्रसंग महाभारताच्या नाट्यप्रयोगाचाच असावा, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. त्या प्रसंगी रंगमंचावरच्या प्रेताला द्रौपदीचा वेष आहे, आणि सारी पात्रे आपापल्या मनाचा पाठ त्या महाकाव्यात घुसडू लागतात. प्रक्षेपाचे याहून विनोदी चित्र सापडणे कठीण!

‘मूळ’ म्हणजे तरी कोणते? संहिता, संकलनापूर्वीची लांबलचक जुळणी, की 1983 मध्ये प्रदर्शित झालेली प्रत? अनुपम खेर यांनी केलेली ‘डिस्को किलर’ ही भूमिका संकलनात पूर्णपणे गळाली. ती उद्या हाती आली, तरी चित्रपटात घालणे पाठशुद्धी ठरणार नाही; कारण कर्त्यांनी संकलनाअंती जगापुढे ठेवलेला पाठ हाच प्रमाण होय. गळालेला भाग तळटीपेप्रमाणे स्वतंत्र जपावा.

दुसरा धोका अतिशुद्धीचा आहे. अल्प खर्चात घडलेल्या कृतीचा खडबडीतपणा हा तिच्या अर्थाचा भाग असतो. रात्रीच्या अंधारात शवपेटी घेऊन चाललेली धावपळ झगझगीत केली, तर भयाची छाया जाईल आणि केवळ थट्टा उरेल. ध्वनीचेही तसेच आहे. महाभारताच्या प्रसंगातील हास्य भाषास्तरांच्या संघर्षातून उपजते: संस्कृतप्रचुर नाटकी हिंदी, रस्त्यावरची बोली आणि मध्येच अवतरणारी सलीम-अनारकलीची उर्दू यांची टक्कर होते. एकमेकांवर आदळणारी वाक्ये वेगळी काढून घासूनपुसून मांडली, तर ती टक्करच नाहीशी होईल. लेखनिकाचा प्रमाद कोणता आणि कवीची लकब कोणती, हा विवेक येथेही आवश्यक आहे.

मराठीत याच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’ या 1976 च्या चित्रपटाचे आहे. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून तो के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप व सईद मिर्झा यांनी सहकारी तत्त्वावर निर्माण केला. ओम पुरी यांचा हा आरंभीचा चित्रपट. पेशवाईवरील या भीषण उपहासाची पुनरुद्धारित आवृत्ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेतर्फे तयार झाली आणि 2014 च्या बर्लिन महोत्सवात दाखविण्यात आली. पुण्यात घडलेली कृती पुण्याबाहेर, जर्मनीत जपली गेली, ही गोष्ट आनंदाची तितकीच अंतर्मुख करणारी आहे.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानांतर्गत सुमारे 2,200 चित्रपटांच्या पुनरुद्धारासाठी 363 कोटी रुपयांची तरतूद मे 2022 मध्ये जाहीर झाली. निधी महत्त्वाचा खरा. पण त्याबरोबर शिस्तही हवी. कोणती प्रत आधारभूत धरली, कोठे दुरुस्ती केली, रंग कोणाच्या सल्ल्याने ठरविले, याची नोंद प्रत्येक आवृत्तीस जोडली जावी. तसे न झाल्यास पुढील अभ्यासकास पुनरुद्धार आणि प्रक्षेप यांतील सीमा ओळखता येणार नाही. अशी आवृत्ती महानगरांतील चित्रगृहांपुरती न राहता जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोचावी, हेही अगत्याचे आहे. जनाबाईचा शब्द टिकला तो ओवी गाणाऱ्या कंठांमुळे. चित्रपटही अखेर संग्रहालयातील शीतगृहापेक्षा तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतच टिकणार आहे.