दुष्काळ, रेल्वे आणि बाजारात गेलेली मुलगी

अल्पवयीन मुलींच्या देहविक्रयाचा इतिहास आपल्याकडे बहुधा देवाच्या दारातून लिहायला सुरुवात होते. खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण. त्यात खोटे काही नाही. 1908 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढले, मुरळी सोडण्याच्या रूढीवर हल्ला चढवला आणि शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र त्यात छापले. 1934 साली मुंबई प्रांतात देवदासींसाठी कायदा आला. पण वैनगंगेच्या या धानपट्ट्यात मुरळीची रूढी कधी मुळावली नव्हती. आजचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्याचा भाग होता आणि भंडारा 1956 पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता. मुंबईचा तो कायदा तेव्हा इथे लागूच नव्हता. मग रूढी नसताना मुलगी बाजारात कशी जाते? देव मध्ये नसेल तर तिला विकतो कोण?

उत्तर शोधायला 1896-97 च्या दुष्काळाकडे जावे लागते. तो ओसरला न ओसरला तोच 1899-1900 चा दुसरा दुष्काळ आला. 1891 ते 1901 या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी दहा टक्क्यांहून अधिक घटली. माणसे मेली, काही परागंदा झाली. पंडिता रमाबाई 1897 च्या आरंभी मध्य प्रांतात आल्या. दुष्काळाने त्यांचे स्वतःचे आईबाप आधीच नेले होते, त्यामुळे काय पाहायचे हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. अन्नछत्रांत आणि मदतीच्या छावण्यांत निराधार मुली सुरक्षित नाहीत, वाईट चालीची माणसे त्यांना हेरत फिरतात, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. सुमारे तीनशे मुली त्यांनी आपल्याकडे आणल्या. त्यांतूनच केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. मुली ख्रिस्ती होतात म्हणून आरडाओरड करणारे पुष्कळ निघाले. पण त्याच मुली कुंटणखान्यात जात होत्या तेव्हा हा धर्माभिमान कुठे होता? हेरणारा माणूस छावणीच्या दाराशी उभा होता. त्याच्याविरुद्ध कुणी सभा भरवल्याचे माझ्या वाचनात नाही.

उपासमार मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. मालगुजाराच्या कोठारात धान होते. गावचा महार कोतवालकी करी आणि मागावर जाडेभरडे कापड विणी. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड आठवडी बाजारात आले आणि मागाची कमाई आटत गेली. उरली ती मजुरी. रोवणीला बाई लागते, कापणीला बाई लागते, मधल्या महिन्यांत तिला कुणी विचारत नाही. त्या महिन्यांत मालगुजाराचे कर्ज होते आणि कर्जाला तारण ठेवायला घरात माणसांशिवाय काही नव्हते. मालगुजारी 1951 मध्ये गेली, मधले महिने गेले नाहीत. तेंदूपत्ता आणि बिडी यांनी ते थोडे भरून काढले, तेही अर्ध्या पोटी.

रस्ता रेल्वेने तयार केला. नागपूर-छत्तीसगड लाइन 1880 च्या दशकात आली. 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे छोटी लाइन गेली. गोंदिया जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे नुसता व्यापार नव्हे. जिथे एका गावची मुलगी अर्ध्या तासात अनोळखी होते, अशी ती जागा. छोटी लाइन आता मोठी झाली आहे. आपल्या साहित्याने कामाठीपुरा पाहिला, 1972 च्या ‘गोलपिठा’ने तर प्रस्थापितांची झोप उडवली. पण मुलगी जिथे गाडीत बसते तो फलाट आपण अजून लिहिलेला नाही.

16 जून 1936 रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील आपल्या समाजाच्या स्त्रियांपुढे भाषण केले. हे जिणे सोडा, असे त्यांनी कठोर शब्दांत सांगितले. ते बोलले कारण या स्त्रियांना त्यांनी समाजाबाहेरच्या मानले नाही. पुढच्यांनी त्यातला कठोरपणा तेवढा उचलला. गिऱ्हाइकाला, घरमालकाला, दलालाला बोलावून अशी सभा कुणी घेतली?

कायद्याचीही तीच तऱ्हा. 1860 च्या दंडविधानात कलम 372 आणि 373 मुलगी विकणे व विकत घेणे हा गुन्हा ठरवत होते. वयाची सोळाची मर्यादा 1924 साली अठरा झाली. आता भारतीय न्याय संहितेत तीच कलमे 98 आणि 99 म्हणून आली आहेत. 1956 च्या कायद्याने मात्र खिडकीत उभ्या राहणाऱ्या बाईलाही गुन्हेगार केले. ऑगस्ट 2021 मध्ये नागपुरातील गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी अडथळे उभारून बंद केली, तेव्हा स्त्रियाच रस्त्यावर आल्या. वस्ती बंद होते, गाव मोकळेच राहते.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिने मुलींसाठी वसतिगृहांची मागणी केली. ज्या बायांनी हात वर केले त्यांत वाचता येणाऱ्या किती असतील! तरी मुलगी कुठे सुरक्षित राहते हे त्यांना नेमके ठाऊक होते. माझ्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली, आणि तीही वसतिगृहात जागा मिळाली म्हणून.

वर्गातल्या हजेरीपटाकडे मी आता इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. रोवणीच्या दिवसांत काही नावांपुढे फुल्या पडतात. त्यांतल्या बहुतेक मुली परत येतात. दिवाळीनंतर काही येत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात ‘लग्न’ किंवा ‘कामाला गेली’ असे लिहून पान उलटले जाते. वय सतरा असले तरी कुणी विचारत नाही : कोणाशी, कोणत्या गावाला, न्यायला कोण आले होते, त्याने घरच्यांना किती उचल दिली? छावणीच्या दाराशी रमाबाईंनी विचारले ते हेच प्रश्न होते. निदान तो रकाना तरी मोठा करावा, आणि तो भरण्याचे काम शिक्षकाने गावात जाऊन, मुलीच्या आईसमोर बसून करावे.