ताऱ्यावर खिळलेली नजर: दुर्बीण-मार्गदर्शनाचा इतिहास आणि कर्जत-खालापूरचे आकाश

खगोलछायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगांचा व आरशांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याच्या एका दुर्लक्षित अंगाचा, म्हणजे दुर्बिणीच्या मार्गदर्शनाचा विचार केला आहे. महाविद्यालयांना मर्यादित निधीतून आज जे छोटे ऑटोगायडिंग कॅमेरे घ्यावयाचे असतात, त्यांची निवड या इतिहासाच्या आधारे अधिक डोळसपणे करता येते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. घड्याळयंत्राने दुर्बीण त्यांच्यामागे फिरवता येते. परंतु कोणतेही दंतचक्र निर्दोष नसते. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये आणि अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये मृगातील तेजोमेघाची छायाचित्रे घेतली, तेव्हा एक्स्पोजर अर्ध्या तासाहून अधिक होते. पुढे एक्स्पोजर काही तासांवर गेले. निरीक्षकाने जोड-दुर्बिणीतील तारफुलीवर एक तारा धरून ठेवावयाचा आणि तो ढळताच हाताने दुरुस्ती करावयाची, अशी रीत रूढ झाली. हिवाळ्याच्या रात्री हे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना छापील छायाचित्र पाहून येत नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचा आरंभ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाला. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून उभारलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी २० इंची परावर्तक दुर्बिणीने काम केले. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी जेऊर येथे मोहीमही नेली. वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीवर तारा टिकवून धरणे हे मार्गदर्शनाचेच काम होय. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. दुर्बीण होती, तिच्यामागे रात्रभर बसणारा उत्तराधिकारी नव्हता.

माणसाची ही जागा यंत्राने घेतली ती बऱ्याच उशिरा. हौशी निरीक्षकांच्या आवाक्यातील पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे सँटा बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुपचा १९८९ मधील एसटी-४. त्याच्या संवेदकात १९२ गुणिले १६५, म्हणजे बत्तीस हजारांहूनही कमी पिक्सेल होते. तरीही तो ताऱ्याचे स्थान मोजून बैठकीला दुरुस्ती-संदेश देत असे. दुर्बिणीच्या बैठकीवरील मार्गदर्शन-खोबणीला आजही 'एसटी-४ पोर्ट' म्हणतात.

कर्जत व खालापूर तालुक्यांना या संदर्भात वेगळे महत्त्व आहे. मुंबईच्या खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शने नेरळच्या अलीकडील वांगणीस होत आली, कारण लोकलने गाठता येणारे बऱ्यापैकी काळोखे आकाश याच पट्ट्यात होते. मात्र ज्या खोपोलीहून १९१५ मध्ये टाटांची जलविद्युत मुंबईकडे जाऊ लागली, त्याच खालापूर तालुक्यावर आता महानगराच्या दिव्यांची झाक पश्चिमेकडून येते. उजळ पार्श्वभूमीमुळे फिकट तारे हरवतात. मार्गदर्शनासाठी तारा निवडताना याचा त्रास होतो. दुसरी अडचण अक्षांशाची. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. डोंगराचा उतार किंवा शेजारचे झाड त्याला सहज झाकते, आणि दिसला तरी तो धुरकट थरातून दिसतो. साहजिकच बैठकीचा अक्ष अचूक जुळत नाही. मार्गदर्शनाने तारा जागेवर राहतो खरा, पण अक्ष चुकलेला असेल तर त्या ताऱ्याभोवती सबंध चित्रक्षेत्र हळूहळू फिरते. हा दोष कोणताही कॅमेरा दूर करू शकत नाही.

आता निवडीकडे वळू. एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात, हे काढण्यासाठी पिक्सेलचा मायक्रॉनमधील आकार २०६ ने गुणून मिलिमीटरमधील केंद्रांतराने भागावे. ३.७५ मायक्रॉनचा संवेदक १२० मिलिमीटरच्या छोट्या मार्गदर्शक दुर्बिणीस जोडल्यास उत्तर सुमारे ६.४ विकला येते. हे ढोबळ वाटेल. परंतु ताऱ्याचा प्रकाश काही पिक्सेलवर पसरतो आणि त्याचा मध्य पिक्सेलच्या साधारण दहाव्या भागापर्यंत काढता येतो. म्हणून ४००-५०० मिलिमीटरच्या मुख्य दुर्बिणीस ही जोडी पुरते. अनेक ठिकाणी आढळणाऱ्या ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनला (केंद्रांतर २०३२ मिलिमीटर) ती पुरत नाही. शिवाय त्या दुर्बिणीत आरसा किंचित सरकतो व जोड-दुर्बीण लवते. तेथे मुख्य नळीतीलच प्रकाशाचा काठ वळवून घेणारा ऑफ-ॲक्सिस गायडर हवा. त्यात उपलब्ध क्षेत्र अरुंद असल्याने अधिक संवेदनशील कॅमेरा घ्यावा लागतो.

कॅमेरा कृष्णधवल असावा, कारण रंगीत संवेदकावरील गाळण्या बराच प्रकाश अडवतात. एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांचे ठेवावे. त्याहून फारच कमी ठेवल्यास यंत्र ताऱ्यामागे न धावता वातावरणाच्या थरथरीमागे धावते. शीतकरणाची गरज नाही, मात्र एप्रिल-मेच्या उष्म्यात तप्त पिक्सेलला तारा समजण्याची चूक टाळण्यासाठी झाकण लावून घेतलेली डार्क चित्रे वजा करावीत. खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात मेगापिक्सेलच्या रकान्याला जो मान मिळतो, तो मला अनाठायी वाटतो. एसटी-४ चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. उरलेले पैसे भिंगाभोवतीच्या दंवरोधक पट्टीवर खर्च करावेत, कारण हिवाळ्यातील दमट रात्री भिंगावर दंव साचले की मार्गदर्शक तारा तासाभरात दिसेनासा होतो. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कॅमेरा व भिंगे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत आणि जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे. कोकणच्या हवेत एकाच पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढू शकते.