‘पत्रा’ शब्दाची संदिग्धता व शाळांच्या इमारतींचें दप्तर

जुन्या कागदांतील शब्दाचा अर्थ त्या काळच्या व्यवहारावरून ठरवावा, हा नियम संग्राहकांस नवा नाहीं. कै. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले व १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. त्या भूमींत तर हें सांगणेंच नको. तोच नियम अलीकडील कागदांसही लावणें कसें अगत्याचें आहे, हें आम्ही शाळांच्या छपरांवरून दाखवूं इच्छितों.

खानदेशांतील जुनीं घरें धाब्याचीं. पुढें पन्हळी पत्रा आला. हा दोन जातींचा : एक जस्त चढविलेल्या लोखंडाचा, दुसरा सिमेंटांत ॲस्बेस्टॉसचे तंतु मिसळून केलेला. बोलण्यांत दोन्ही पत्रेच. इ. स. २०११ च्या खानेसुमारींतही धातूचे व ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच सदरांत मोजले गेले. सबब जळगांव व धुळें जिल्ह्यांच्या त्या आंकड्यांवरून ॲस्बेस्टॉसचीं छपरें किती, हें निवडतां येत नाहीं.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. सिमेंटचा पत्रा फुटला, कापला किंवा झिजला म्हणजे त्यांतील सूक्ष्म तंतु श्वासावाटे फुप्फुसांत जाऊं शकतात. त्यांपासून होणारे कर्करोगादि विकार बहुधा कित्येक दशकांनीं प्रकट होतात. तोंपर्यंत मूल शाळा सोडून गेलेलें, छप्परही बदललेलें. साक्षीस उरतो तो कागद.

हें ओळखून अमेरिकेनें १९८६ सालीं कायदा केला. शाळांची तपासणी व्हावी, सांपडलेल्या ॲस्बेस्टॉसच्या बंदोबस्ताचा लेखी आराखडा राज्याकडे धाडावा, त्याची प्रत शाळेंत पाहावयास मिळावी व दर तीन वर्षांनीं फेरतपासणी व्हावी, असें त्यांत ठरलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ च्या निकालांत ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षें अथवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंवर जपण्यास फर्माविलें. परंतु हा नियम कामगारापुरता. वर्गांत बसणाऱ्या मुलास तो लागू नाहीं.

म्हणून शाळांच्या कागदांकडे आम्ही संशोधकांचें लक्ष वेधितों. बांधकामाचीं अंदाजपत्रकें, मोजमापाचीं पुस्तकें, दुरुस्तीचीं बिलें व जडवस्तुसंग्रहाच्या वह्या हीं त्यांचीं साधनें होत. ‘ए. सी. शीट’ असें लिहिलें असल्यास पत्रा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा, ‘सी. जी. आय.’ असल्यास लोखंडाचा. नुसतें ‘पत्रे’ असल्यास जाडी पाहावी : लोखंडी पत्र्याची बहुधा गेजांत देतात, सिमेंटच्याची मिलिमीटरांत. शोध घेणारानें जिल्ह्यांचीं नांवेंही ध्यानांत ठेवावीं. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांसच पुढें जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. जिल्हा परिषदा १९६२ सालीं आल्या, व १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निघालें. एकाच शाळेचे कागद दोन कचेऱ्यांत विभागलेले असण्याचा संभव आहे.

असो. शाळेचें बिल बखरीच्या मोलाचें नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु रोगाचें मूळ शोधणारास चाळीस वर्षांनीं तेंच अस्सल साधन ठरणार आहे. तें रद्दींत जाण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवावी, इतकीच आमची विनंती आहे.