आधी मोठे, मग धाकटे

९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या पुण्याच्या एका जोडप्याला करोना झाल्याचं निष्पन्न झालं. राज्यातले हे पहिले रुग्ण. चारच दिवसांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शाळा बंद ठेवण्याची घोषणा झाली. दहावीची परीक्षा तेवढी चालू राहिली, पण भूगोलाचा शेवटचा पेपर काही झालाच नाही.

आदेश साऱ्या शहराला एकच होता. बिबवेवाडीत तो दोन तऱ्हांनी लागू पडला. रस्त्यालगतच्या सोसायट्यांत अनेक मुलांना अभ्यासाची खोली, लॅपटॉप आणि वायफाय मिळालं. वर अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्तीत, जिथे हातावर पोट असणाऱ्यांची घरं जास्त, तिथे घरातला एकुलता स्मार्टफोन सकाळीच कामावर निघून जाई. तास दुपारी, फोन रात्री.

घरी बसलेलं मूल सुरक्षित, हा बंदीच्या बाजूचा मुख्य मुद्दा. तो अगदीच पोकळ नव्हता; वर्गातून संसर्ग घरच्या आजी-आजोबांपर्यंत पोचण्याची धास्ती खरी होती. पण २०२० च्या उन्हाळ्यानंतर पुण्याच्या पाच प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा सुमारे ५१ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. झोपड्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांवर होतं, सदनिकांत त्याच्या जवळपास निम्मं. शाळांना कुलूप असतानाच साथ दाट वस्त्यांत शिरली होती.

पुण्याला हा पेच नवा नव्हता. प्लेगच्या काळात धोंडो केशव कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम बंद केला नाही. तो शहराबाहेर हिंगण्याला नेला आणि १९०० मध्ये तिथल्या साध्या झोपडीत संसार पुन्हा मांडला. साथ ओसरली, तरी संस्था हिंगण्यातच रुजली.

२०२० मध्ये असा मधला मार्ग शहरांना सापडला नाही. राज्याने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीला परवानगी दिली, पण पुणे महापालिकेने ४ जानेवारी २०२१ पर्यंत दारं उघडली नाहीत. फेब्रुवारीत ती पुन्हा मिटली. ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाने शाळा उघडण्याचा आदेश काढला आणि राज्याच्या करोना कृती दलाच्या आक्षेपांमुळे लगेच थांबवला. अखेर ४ ऑक्टोबरचा मुहूर्त लागला, तोही शहरांत आठवीपासून पुढे.

इथेच खरी गंमत होती. जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी शाळा उघडायच्याच तर प्राथमिकपासून उघडाव्यात, असं सुचवलं होतं. लहान मुलं हा विषाणू अधिक सहज पचवतात, हे त्यामागचं कारण. स्वीडनने तर प्राथमिक वर्ग बंदच केले नव्हते. महाराष्ट्राने क्रम उलटा लावला: आधी मोठे, मग धाकटे. मोठ्यांना बोर्डाची परीक्षा होती. धाकट्यांना फक्त अक्षरं गिरवायची होती, आणि ती पडद्यावर गिरवता येत नव्हती.

पुण्यात पहिली ते सातवीचे वर्ग १६ डिसेंबर २०२१ ला भरले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल त्या दिवशी प्रथमच बाकावर बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं. तीन आठवडे उलटायच्या आत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाली, ती १ फेब्रुवारीपर्यंत.

मार्च २०२२ मध्ये बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी एप्रिलभर शाळा पूर्णवेळ चालवण्याचा आदेश आला. या वेळी शिक्षक संघटना आणि अनेक पालक विरोधात उभे राहिले: ऊन फार, गावाची तिकिटं काढून झालेली.