काम सुटल्यावर: वार्धक्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

म्हातारपण कधी सुरू होते, याचे सरकारी उत्तर सोपे आहे: साठाव्या वर्षी. नागपूरच्या पूर्वेला कळमन्यात, पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात, हाच प्रश्न विचारला तर एका उत्तरावर भागत नाही. पोती वाहणाऱ्या हमालाचे गुडघे आणि कंबर पन्नाशीतच कुरकुरू लागतात. गादीवर बसून हिशेब पाहणारा अडत्या सत्तरीतही रोज हजर असतो. मिरची निवडणाऱ्या बाईला निवृत्तीचे वय असते, हेच कुणी सांगितलेले नसते. जन्मसाल एकच असले तरी तिघांची म्हातारपणे वेगळी. वार्धक्यशास्त्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याने एवढे मनाशी धरले तरी पुरे: माणसाचे वय मोजताना त्याने जन्मभर काय काम केले, तेही मोजावे लागते.

ही विद्याशाखा फार जुनी नाही. १९०३ मध्ये एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तिला नाव दिले आणि १९०९ मध्ये इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरने वृद्धांच्या वैद्यकाची स्वतंत्र मांडणी केली. १९३५ नंतर लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांनी, वर्षानुवर्षे खाटेवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्यांची नीट तपासणी करून त्यातल्या अनेकांना पुन्हा चालते केले. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ या समजुतीला इथे पहिला मोठा धक्का बसला. आपल्याकडे हा विषय उशिरा आला, पण निकड मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींच्या पुढे होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के.

आजच्या अभ्यासाचा पाया जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालाने घातला. निरोगी म्हातारपण म्हणजे रोग नसणे, ही व्याख्या त्याने बाजूला ठेवली. साठीनंतर रक्तदाब, साखर, मोतीबिंदू यांपैकी काहीच नाही असा माणूस विरळाच. म्हणून मोजायचे ते हे, की माणसाला जे करावेसे वाटते ते त्याला करता येते का. त्यात शरीर-मनाची क्षमता येते, तसा भोवतालही येतो. गुडघे दुखत असूनही विहार दोन घरे सोडून असेल, तर आजी संध्याकाळी वंदनेला पोहोचते. गुडघे धड आहेत, पण मध्ये मालट्रकांचा रस्ता आहे आणि पदपथ नाही, तर दुसरी आजी घरात बसते. दोघींना औषध एकच देऊन चालणार नाही. दुसरीचा उपचार महापालिकेच्या हाती आहे.

शरीरापासून सुरुवात करू. मध्यमवयापासून स्नायू झिजू लागतात आणि म्हातारपणी उठणे, बसणे, पायऱ्या चढणे यावर त्याचा परिणाम दिसतो. पण झीज म्हणजे शेवट नव्हे. १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या शुश्रूषागृहातील नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, पण त्याने उतारवयातल्या व्यायामाची दिशा बदलली. आज पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम सुचवला जातो. पडून खुब्याचे हाड मोडणे हे उतारवयातले मोठे संकट, आणि ते टाळण्यात तोलाच्या व्यायामाचा वाटा मोठा आहे. नागपुरात यासाठी शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने १९५१ पासून मोफत योगवर्गांची परंपरा या शहरात रुजवली आहे.

इथे कळमन्याचा वाचक विचारील, ‘आम्ही जन्मभर पोती उचलली, तो व्यायाम नव्हता का?’ हा या शास्त्रातल्या सर्वांत रंजक प्रश्नांपैकी एक आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच जाड होते असेही दिसले. म्हणजे काम माणसाला घडवते, तसे माणूसही काम निवडतो. अलीकडे डेन्मार्कच्या आंद्रेआस होल्टरमान यांनी आणखी एक पेच मांडला: फावल्या वेळातली हालचाल हृदयाला तारते, पण कामावरची जड मेहनत तसा लाभ देतेच असे नाही. ओझे तासन्‌तास, विसावा थोडा आणि वेग दुसऱ्याच्या हाती, ही त्याची कारणे असावीत. उलट काही संशोधक म्हणतात, यात मेहनतीपेक्षा गरिबी आणि तंबाखूचा दोष अधिक. वाद मिटलेला नाही आणि तो मिटवायला आपल्या बाजारांइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली आहे. पोते पन्नास किलोचेच असावे, ही हमाल संघटनांची जुनी मागणी. मजुरीच्या वादात मांडली गेलेली ही मागणी खरे तर म्हातारपणाच्या आरोग्याचीही आहे.

त्यात विदर्भाचा उन्हाळा. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, घाम कमी येतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या पाणी आणखी कमी करतात. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला अपुरा आहे, कारण आत बाहेरच्याहून जास्त तापते.

आता संबंध. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांची, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक निघाली. अभ्यासकाने दोन गोष्टींची गल्लत करू नये. एकटे राहणे मोजता येते, एकटेपण विचारावे लागते. नातवंडांनी भरलेल्या दोन खोल्यांतही आजोबा एकटे असू शकतात. हमालाचे बहुतेक संबंध कामातून आलेले असतात: टोळी, चहाची टपरी, सणाची वर्गणी. काम सुटले की मजुरीबरोबर हे सारे एकदम तुटते. नागपूरच्या मिनीमातानगरसारख्या वस्तीत छत्तीसगढहून आलेल्या घरांत गावाकडचे नातेही दूर असते. बायकांचे थोडे निराळे. त्यांचे काम सुटत नाही, नुसते घरात सरकते, पण बचत गट, भजनी मंडळ आणि विहार त्यांना शेजाराशी बांधून ठेवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा या प्रदेशात आजही चालू आहे. तिचे आरोग्यमूल्य कुणीतरी काटेकोरपणे अभ्यासायला हवे. ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ आणि त्यांचा महासंघ फेस्कॉम हेही महाराष्ट्राचे वैशिष्ट्य. पण हे संघ बरेचसे निवृत्तिवेतनधारकांचे. ज्याला पेन्शन नाही, तो त्या सतरंजीवर क्वचितच दिसतो.

म्हणून पैशाचा प्रश्न या शास्त्राबाहेर ठेवता येत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणीकृत हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाचा हक्क दिला. पुण्यात हमाल पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढाव यांनी पुढे असंघटितांच्या पेन्शनसाठी देशपातळीवर आवाज उठवला. नोंदणीबाहेरच्या माणसाला पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, तेही उत्पन्नाच्या अटीत बसला तर. एसटीत मात्र २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे. लेकीच्या गावी जाता येणे हेही आरोग्यच, एवढे या एका सवलतीने मान्य केले.

नव्या अभ्यासकाला हाताशी मोठा ऐवज आहे. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. मुठीची पकड, चालण्याचा वेग, नजर, स्मरण, मैत्री, मिळकत हे सारे तिच्यात आहे. तिच्यातून देश कळतो, राज्य कळते. एक बाजार कळायला मात्र तिथे जावे लागेल. जाताना एक सावधगिरी ठेवावी. यार्डात सत्तरीचा काटक हमाल दिसला की मेहनतीनेच माणूस टिकतो असे वाटते. ज्यांची कंबर गेली ते केव्हाच घरी बसले आहेत आणि आपल्या पाहणीत येतच नाहीत. बाजारात दिसणाऱ्यांचाच अभ्यास केला तर उत्तर हमखास चुकते. यादी जुन्या टोळ्यांवरून करावी आणि एकेकाच्या घरापर्यंत जावे.

या विषयाचे दार डॉक्टरांपुरते उघडे नाही. समाजकार्याचा विद्यार्थी, आशाताई, नगररचनाकार, संघटनेचा कार्यकर्ता आणि आईवडिलांची काळजी वाहणारी लेक-सून, सर्वांना इथे जागा आहे. प्रवेशासाठी तीन प्रश्न पुरतील: या माणसाने जन्मभर काय काम केले, ते सुटल्यावर त्याला रोज कोण भेटते, आणि त्याला जिथे जावेसे वाटते तिथवरची वाट कशी आहे. औषधांची यादी त्यानंतर वाचावी.